झोपेचा पहारा

तिला सगळे चिमणी म्हणायचे. नाव आईने ठेवलेलं. दिवेलागणीला डोळे मिटायचे आणि उजाडायच्या आत टक्क उघडायचे, म्हणून चिमणी. पुढे लग्न झालं, काचेच्या कारखान्यात नोकरी लागली, मुलगी झाली, तरी नाव तेच राहिलं आणि झोपही तीच.

कारखान्यात औषधाच्या बाटल्या बनायच्या. चिमणीचं काम पाहणीचं. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत जायच्या. त्यातली तडकलेली, बुडबुडा अडकलेली, तोंड वाकडं झालेली बाटली नजरेने टिपायची आणि उचलून पायाशी ठेवलेल्या पेटीत टाकायची. सकाळच्या पाळीत केसाएवढा तडा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. पण पाळ्या फिरत्या होत्या. कोणत्या आठवड्यात सकाळ, कोणत्या दुपार, कोणत्या रात्र, ते फळ्यावर लागायचं. सकाळी तरतरीत, दुपारी बरी, आणि रात्रपाळी लागली की चिमणीची पार रया जायची. जेवण अंगी लागायचं नाही, बोलणं तुटक व्हायचं, जिना उतरताना कठडा धरावा लागायचा.

अशाच एका रात्रपाळीच्या शेवटी, बाहेर फटफटत असताना, तडकलेल्या बाटल्यांचा एक अख्खा लॉट तिच्या डोळ्यांसमोरून निघून गेला. पुढे पॅकिंगला एका बाईच्या हातात बाटली फुटली, बोटाला टाके पडले, तेव्हा कळलं. सुपरवायझरने चिमणीला केबिनमध्ये बोलावलं.

"झोपला होतात?"

"नाही. डोळे उघडे होते."

"मग दिसलं कसं नाही?"

"तेच तर सांगतेय. डोळे उघडे होते आणि दिसत नव्हतं."

सुपरवायझरने सुस्कारा टाकला. माणूस वाईट नव्हता. चिमणीच्या वडिलांच्या हाताखाली भट्टीवर काम शिकलेला होता. "अहो, भट्टीमास्तरांची लेक तुम्ही. कँटीनमध्ये अजून फोटो आहे त्यांचा. उभ्या जन्मात रात्रपाळीला खाडा नाही, डुलकी नाही. आणि तुम्ही! झोप लागली, असं लिहून द्या. ताकीद देऊन विषय मिटवतो."

"चूक झाली, असं लिहून देते. त्या बाईची माफीही मागते. पण झोप लागली असं नाही लिहिणार. लागली असती तर उपकार झाले असते. चार दिवस झाले, झोप माझ्याकडे फिरकलेली नाही."

ती घरी पोचायच्या आत फोन पोचला होता. खालच्या मजल्यावर आईवडील राहायचे आणि वर चिमणी, तिची अडीच वर्षांची छकुली, आणि महिन्यातून मोजके दिवस तिचा नवरा. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. चिमणी दारातून आत आली तर बाबा टेबलाशी बसले होते, ताठ. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण बसणं अजून भट्टीसमोरचंच होतं.

"नाक कापलंस माझं," ते म्हणाले.

"बाबा, मला आधी पाणी पिऊ द्या."

"झोप म्हणजे लाडावलेलं कार्टं असतं. गोंजारलं की डोक्यावर बसतं. मनावर घ्यायचं असतं, मनावर! डोळ्यांवर गार पाणी मारायचं आणि उभं राहायचं. आम्हाला काय झोप येत नव्हती? पण मी इतकी वर्षं रात्रपाळी केली, एकदा तरी तक्रार केली का?"

आई ओट्याशी भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. तिची पाठ अजून यांच्याकडेच होती.

"रात्रपाळी तुम्ही केलीत," ती म्हणाली. "आणि दिवसपाळी कोणी केली?"

"कसली दिवसपाळी?"

आता ती वळली. हात ओलेच होते. ही बाई घरात कधी आवाज चढवून बोलत नसे. पाहुण्यांना वाटायचं, घसा बसलाय की काय. "तुम्ही सकाळी येऊन आडवे व्हायचात ना, त्यानंतरची. खिडकीला गोधडी कोण लावायचं? दारावरची कडी वाजू नये म्हणून तिला चिंधी कोण बांधायचं? पोरांना घेऊन उन्हातान्हात बागेच्या बाकावर कोण बसायचं? पाऊस असला की जिन्याखाली, सायकलींच्या मधे. शेजारणीशी मी अबोला धरला, का तर तिचा रेडिओ मोठा होता. तुमची झोप होती ना, ती मी राखली. डोळ्यांत तेल घालून राखली. म्हणून तुमचा फोटो लागला."

"अगं, थोडं तसं असेलही, पण म्हणून..."

"हिचा हात मोडला होता. आठवतं?"

"शाळेत पडली होती ना?"

"शाळेत नाही. याच जिन्यात. सगळ्यात वरच्या पायरीवरून खाली आली. तुमचं दार तिथून दोन हातांवर. हिने तोंड उघडलं आणि मी हिच्या तोंडावर हात दाबला. मोडका हात लोंबतोय आणि मी तोंड दाबून रस्त्यापर्यंत नेली, मग रडू दिली. तुमची झोप मोडली नाही. हाड मोडलं तेवढं चाललं."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. चिमणी मनगट चोळत होती. हे तिला आठवत होतं, पण असं कधी कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" बाबांनी बायकोला विचारलं.

"कधी सांगणार? तुम्ही झोपलेले असायचात नाहीतर निघालेले." आईने पदराला हात पुसले. "आता हिची रात्रपाळी पुन्हा लागेल तेव्हा दार तुम्ही सांभाळायचं. पोरगी तुम्ही सांभाळायची. मी माझ्या बहिणीकडे जाऊन राहणार आहे. आठवडाभर. आणि मोठमोठ्याने बोलणार आहे."

सगळ्यांना वाटलं, रागाच्या भरात बोलली. पण पुढची रात्रपाळी आली त्या दिवशी सकाळी ती खरंच पिशवी भरून निघाली. छकुलीच्या गालाचा पापा घेतला, नवऱ्याला म्हणाली, "दूध उतू जातं, लक्ष ठेवा," आणि गेली.

भट्टीमास्तरांनी मिशीला पीळ दिला. वितळलेल्या काचेपुढे आयुष्य काढलेला माणूस, त्याला एका घराची शांतता राखता येणार नाही?

पहिल्याच सकाळी दुधाने आपला शब्द पाळला. ते पुसेपर्यंत छकुलीने ताटं काढून जमिनीवर आपटायला सुरुवात केली. तिला उचलून गच्चीवर न्यावं तर खाली दारावरची बेल. बेल बंद करून यावं तर समोरच्या घरात भिंतीला भोक पाडायचं मशीन सुरू झालेलं. मास्तर तिथे भांडायला गेले आणि त्यांच्या भांडणाचा आवाज मशीनपेक्षा मोठा झाला. परत आले तर चिमणी जिन्यात उभी.

"बाबा, तुमचाच आवाज येतोय वर."

दुसऱ्या दिवशी ते शहाणे झाले. बेलची तार काढली, कडीला चिंधी बांधली, छकुलीच्या खेळण्यांतलं वाजणारं तेवढं कपाटात कोंडलं. भोंगा लावून फिरणाऱ्या भंगारवाल्याला त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच गाठलं. एक जुना पंखा त्याच्या गळ्यात मारला आणि सांगितलं, "हा फुकट ने, पण शुक्रवारपर्यंत या गल्लीत फिरकायचं नाही." मशीनवाल्याला चहाला बोलावून भोकांची वेळ ठरवून घेतली. छकुलीला घेऊन ते बागेच्या बाकावर बसले. तो बाक दुपारी किती तापतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. छकुली घसरगुंडीवर चढत होती, आणि मास्तरांना मात्र उन्हात डुलक्या येत होत्या. डोळा लागला आणि पोरगी फाटकाबाहेर गेली तर? या धास्तीने ते उभेच राहिले. डोळ्यांवर मारायला गार पाणीही जवळ नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घर असं शांत झालं, की भिंतीवरच्या घड्याळाचाही आवाज नको म्हणून त्यांनी त्याचा सेल काढला. छकुली शेजारणीकडे झोपली होती. खिडकीवर गोधडी होती. मास्तर मोठ्या अभिमानाने, मांजराच्या पावलांनी वर गेले आणि दार बोटभर उघडून पाहिलं.

चिमणी पाठीवर पडली होती. डोळे छताला.

ते आत आले आणि पायाशी टेकले. "काय वाजलं? कुठे आवाज झाला?"

"काहीच वाजलं नाही बाबा. तुम्ही तर गल्ली मुकी केलीत." ती हसली, पण हसू ओठांपर्यंतच राहिलं. "घर शांत आहे. मीच नाहीये. बाहेर ऊन आहे हे अंगाला कळतं. गोधडी लावून फसवलं तरी कळतं. पडले की छाती धडधडते, काहीतरी करायचं राहिलंय असं वाटतं. आणि रात्री पट्ट्यासमोर उभी राहिले की अंग म्हणतं, आता झोप. माझं घड्याळ असंच लावून आलंय. त्याचा सेल काढता येत नाही."

"सवय होते."

"चार वर्षं झाली. कधी होणार? तुम्हाला किती दिवस लागले होते?"

मास्तर बोटांवर मोजायला लागले. मग खोटं बोलणं त्यांना जमेना. "मला लागलेच नाहीत. मी लहानपणापासून तसाच. रात्री घरातले झोपले की मला हुशारी यायची. सकाळी आई पाणी ओतायची अंगावर, तरी उठायचो नाही. भट्टीवर कायमची रात्रपाळी मिळाली तेव्हा वाटलं, चला, सुटलो." ते थांबले. "म्हणजे मी काही केलंच नाही म्हण की. तो फोटो फुकटच."

"केलंत की. रात्रभर त्या आगीपुढे उभे राहिलात, ते काय खोटं? फक्त तुम्हाला जमणारं काम तुम्ही केलंत, आणि आईने तुमची झोप राखली. मला जमत नाही, आणि राखायला आता तीन दिवस तुम्ही आहात. त्यात माझं मन कुठे कच्चं पडलं, ते सांगा."

 मास्तरांनी पोरीच्या पायांवर हात ठेवला आणि खाली सरकलेली चादर तिच्या अंगावर ओढली.

पाहणीच्या खात्यात आणखी एक बाई होती. उंच, हडकुळी, एकटी राहणारी. ती स्वतःला घुबड म्हणवून घ्यायची आणि कोणी तसं म्हटलं तर खूश व्हायची. रात्रपाळीत ती गाणी गुणगुणत बाटल्या टिपायची. सकाळची पाळी मात्र तिचा काळ होती. एकदा ती एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून आली होती आणि दुपारपर्यंत तिला त्याचा पत्ता नव्हता. चिमणीने तिला पाळी सुटताना फाटकाशी गाठलं आणि जे डोक्यात होतं ते सांगितलं.

"म्हणजे माझ्या सकाळी तू घ्यायच्या आणि तुझ्या रात्री मी?" घुबडाने विचारलं. "कायमच्या?"

"कायमच्या. दुपारच्या आपापल्या."

"अगं बाई, हे आधी का सुचलं नाही तुला? मी आयुष्यभर सकाळी उठते आणि वाटतं, मला कोणीतरी खणून काढलंय!"

त्यांनी रीतसर विचारलं. रीतसर नकार आला. मॅनेजर नवा होता, नीटनेटका होता, आणि नियम सर्वांना सारखा हे त्याचं आवडतं वाक्य होतं. पाळी सर्वांची फिरेल. ज्यांना झेपत नाही त्यांनी राजीनामा द्यावा, रांग लागली आहे. उलट त्याच आठवड्यात त्याने कँटीनमध्ये, दुपारी पाळी बदलायच्या वेळी, सगळ्यांची सभा ठेवली. रात्रपाळी कशी झेलावी यावर भट्टीमास्तरांचं भाषण.

मास्तर इस्त्रीचा सदरा घालून गेले. आई सकाळीच बहिणीकडून परतली होती. तिला बरोबर येण्याचा आग्रह झाला, पण ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बोला. मला सांगायचं होतं ते मी सांगितलंय."

मॅनेजरने माईकवर मास्तरांची ओळख करून दिली. पोलादी माणूस म्हणाला. टाळ्या वाजल्या. मास्तर उभे राहिले.

"मला इथे बोलावलंय, रात्रपाळी कशी करावी ते सांगायला," ते म्हणाले. "सांगतो. आधी जन्मतःच रात्री जागणारा देह पाहिजे. तो मला आईबापांनी दिला. मग दिवसा दारात कोणीतरी पहाऱ्याला बसलं पाहिजे. माझ्या दारात बायको बसली. पाच दिवस तिच्या जागी मी बसून पाहिलं. भट्टी सोपी होती. या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याने छाती काढून सांगू नये, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याची कोणी लाज काढू नये. मी काढली होती. माझ्या लेकीची." ते खाली बसले, मग पुन्हा अर्धवट उठले. "गार पाण्याचं मी जे सांगायचो, त्याने फक्त सदरा भिजतो."

मागून कोणीतरी खो खो हसलं. मॅनेजरने माईक ओढून घेतला. "मास्तर गंमत करतात. पण कारखाना असा प्रत्येकाच्या झोपेवर चालत नाही. नियम..."

चिमणी उठली. तिच्या शेजारी घुबड उठलं. दुपारची वेळ, म्हणून दोघीही जाग्या होत्या.

"साहेब, भट्टीवर बूट देताना तुम्ही पायाचं माप विचारता," चिमणी म्हणाली. "सगळ्यांना एकाच मापाचे बूट देऊन, चालता येत नाही तर राजीनामा द्या, असं सांगत नाही. सोमवारपासून फळ्यावर पुन्हा मला रात्र आणि हिला सकाळ लागलीय. सकाळी मी येणार आहे, रात्री ही येणार आहे. बाटली एकही सुटणार नाही. परवानगी मागून झाली, आता कळवतेय."

"ही बेशिस्त आहे."

"बेशिस्त म्हणजे तडकलेली औषधाची बाटली कोणाच्यातरी पोराच्या हातात जाणं. ती मी एकदा केलीय. पुन्हा करणार नाही."

सोमवारी ती उजाडताना फाटकाशी हजर होती. कार्ड लावून आत गेली, पट्ट्यासमोर उभी राहिली, आणि कोणी उठवायला यायच्या आत दोन पेट्या खराब माल बाजूला काढला. रात्री घुबड आलं. दोघींना आठवड्याभरासाठी निलंबित केलं. नोटीस घ्यायला चिमणी आणि घुबड बरोबरच गेल्या, आणि बाहेर येऊन फाटकासमोरच्या टपरीवर बसून चहा प्यायल्या. आठवडाभराचा पगार किती बुडणार, हे चिमणीने चहा पितापिता मोजून घेतलं. पण त्या रात्री ती अंधार पडल्यावर झोपली आणि उजाडताना उठली, तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

त्या आठवड्यात पाहणीवर दुसऱ्या खात्यातली माणसं उभी केली. खराब माल बाहेर गेला, गिऱ्हाइकाने अख्खी गाडी परत पाठवली. आणि सुपरवायझरने, ज्याने चिमणीला लिहून द्यायला सांगितलं होतं त्यानेच, मॅनेजरकडे जाऊन तोंड उघडलं: "साहेब, मला त्या दोघी परत हव्यात. त्यांना पाहिजे त्या वेळी." तोवर पॅकिंगमधल्या आणखी तीन जोड्यांनी पाळ्या परस्पर बदलून घेतल्या होत्या, आणि किती जणांना निलंबित करायचं, हा मॅनेजरपुढचा प्रश्न झाला होता. शेवटी 'प्रायोगिक तत्त्वावर' अशी शब्दांची पट्टी बांधून परवानगी निघाली. आपण हरलो असं त्याने म्हटलं नाही. चिमणीनेही त्याच्याकडून तशी अपेक्षा केली नाही.

घरी बाबा आता छकुलीला रोज बागेत नेतात. एकदा जेवताना त्यांनी लेकीचं मनगट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पावसाळ्यात दुखतं का गं?" ती म्हणाली, "कधीकधी." ते बराच वेळ जेवले नाहीत. आईने त्यांच्या ताटात न विचारता वाढलं आणि जरा मोठ्यानेच म्हणाली, "अहो, जेवा आता. निवतंय."

सगळ्यांचंच मात्र सुटलं नाही. भट्टीवर एक जण आहे, त्याला रात्रही झेपत नाही आणि बदलायला जोडीही मिळत नाही. त्याची बायको आजारी, दिवसा तिचं करायला तोच, त्याच्या झोपेला पहारा कोण देणार? चिमणी त्याचं नाव घेऊन मॅनेजरकडे गेली.

मॅनेजर वैतागला. "बाई, तुमचं मिटलं ना? मग आता तरी गप्प बसा."

"माझं मिटलं, म्हणून तर बोलायला ताकद आलीय," चिमणी म्हणाली. "आधी मला इथे उभंच राहवत नव्हतं." आणि तिने समोरची खुर्ची ओढली, आणि तो बसा म्हणायच्या आत बसली.